सर्व दिशांचा अँटेना

सखाराम मास्तरांनी आयुष्यात बाकी काहीही केलं असतं तरी चाललं असतं, पण त्या दुपारी अँटेनाला हात लावायला नको होता. त्यांचा एकुलता एक रघू मुंबईला नोकरीत. रजा मिळाली नाही म्हणून गणपतीलाही आला नव्हता. आणि त्या संध्याकाळी तो मुंबई दूरदर्शनवर ढोलकी वाजवणार होता! रत्नागिरीतल्या घरी रघूची आई गोदाकाकू सकाळपासून टीव्हीसमोर पाट मांडून बसल्या होत्या.

मास्तरांनी मुंबईकडे तोंड केलेला, चांगला चालणारा अँटेना उतरवला. का, तर शेजारच्या हमीदनं कुवेतहून ताटासारखा गोल, नवा अँटेना आणून दिला होता. खोक्यावर लिहिलेलं, 'ऑम्नी-डायरेक्शनल'.

"म्हणजे काय वो?" काकूंनी विचारलं.

"ऑम्नी म्हणजे सर्व. लॅटिन गो! डायरेक्शनही मुळात लॅटिनच, सरळ मार्गाला लावणं. दोन्ही मिळून सर्वदिशी. याला मुंबईकडे तोंड करायची गरजच नाही."

"पण रघू मुंबईलाच हाय ना?"

"अगो, सर्व दिशांत मुंबई येतेच की!"

काकू उठून अंगणात गेल्या. जुन्या अँटेनाच्या काड्या मोकळ्या दिसल्या, त्यांवर त्यांनी खारवलेले बांगडे वाळत टाकले.

संध्याकाळी टीव्हीवर नुसत्या मुंग्या. मास्तर कौलांवर चढले आणि गोल अँटेना फिरवायला लागले.

"आला?"

"नाय!"

"आता?"

"नाय वो, नाय!"

"मास्तर, ताट कितीबी फिरवा, तसंच दिसनार!" खालून हमीद ओरडला. खरंच होतं. सगळीकडे कान देणाऱ्याला इतक्या लांबचं काय कपाळ ऐकू येणार?

काकूंना रडू फुटलं. "माझ्या पोराचं तोंड बघायचंय मला! घाला तुमचं लॅटिन चुलीत!"

हमीदनं जुना अँटेना बांगड्यांसकट वर दिला. घाईघाईनं वायर जोडली. बांधायला वेळ कुठला? मास्तरांनी तो दोन्ही हातांनी डोक्यावर धरला.

"आला! आला! हलू नका!"

"अगो, मांजर आलंय बांगड्यांवर! अंगावर चढतंय!"

"खाऊ दे त्याला! तुम्ही हलू नका!"

"रघू दिसला का गो?"

"दिसला! वाईच बारीक झालाय."

खालून निवेदिकेचा आवाज आला. ढोलकी कुणाकडून शिकलात?

"बाबांकडून," रघू म्हणाला. "आत्ता टीव्हीसमोरच बसले असतील ते. बाबा, नीट बघा हां!"

"बघतोय रे," कौलांवरून मास्तर मुंबईच्या दिशेला म्हणाले. मांजरानं दुसरा बांगडा ओढला.