मानाजीराजांचे नाक तसबिरीत वाढले, त्याची हकीकत

श्रीगजानन प्रसन्न. ज्यांनी एवढी सोंड भर सभेत मिरविली आणि कोणापासून कधी लपविली नाही, त्यांस आधी दंडवत. शके अठराशे नऊ, सर्वजित् नाम संवत्सर, भाद्रपद मास. ते समयी एक राज्य होते आणि राज्यात रिवाज ऐसा की, जो महाराजांच्या जितका जवळ बसेल तितका त्याचा मान थोर. दिवाण पहिल्या गालिचावर आणि मशालजी पार दाराशी. मग विठोजी चितारी कुंचला टाकून फोटो काढण्याची विद्या शिकून आले आणि महाराज मानाजीराजे यांनी संतोषून त्यांस दिवाणांच्याही पुढे, सिंहासनापासून दोन हातांवर जागा बहाल केली. विठोजी मानाने फुगले, आणि एवढ्या जवळून दरबार मावेना म्हणोन रुंद भिंग लावून तेथूनच तसबीर काढिली. ती आली ऐसी की नाक पुढे कोहळ्याएवढे, कान मागे लवंगेएवढे, आणि कडेला बसलेले काटकुळे फडणीस आडवे ताणले जाऊन म्हशीगत जाहले. फडणीस रुसले, तेवढ्यावर भागले असते. परंतु महाराजांनी मनास लावून घेतले. काच खोटे बोलत नाही, आम्हीच ऐसे, म्हणोन चिकाच्या पडद्याआड बसू लागले, दसऱ्याचा दरबार रहित केला आणि राणीसाहेबांसंगे जेवणेही सोडिले.

राणीसाहेब म्हाळसाबाई यांस दरबाराचे एवढे काही नव्हते. समोरचा पाट रिकामा, हे मात्र सोसेना. आमटीत मीठ जास्त पडले तर तोंडावर सांगणारा तो एकच माणूस. मग त्यांनी विठोजींस बोलाविले आणि फोटोच्या खोक्याच्या मागील काचेत स्वतः डोकावल्या. समोर उभी केलेली दासी काचेत खाली डोके वर पाय दिसली, ते एक असो. परंतु दोन हातांवर तिचेही नाक भले थोरले, आणि ती मागे मागे सरता नाक कानांस शोभेसे जाहले.

"नाक तेच, बाई तीच," राणीसाहेब म्हणाल्या. "मग विठोजी, तुम्ही मागे का नाही सरलात?"

विठोजी खाली पाहून बोलिले, "बाईसाहेब, मागे मशालजी बसतो."

बाईसाहेब हसू गिळून आत गेल्या आणि पडद्याशी उभ्या राहून म्हणाल्या की, एक तसबीर आणखी काढू द्यावी, तीही ऐसीच आली तर मीही जन्मभर पडद्याआड बसेन. महाराजांचा निरुपाय जाहला. मग हुकूम सुटला की दसऱ्याचा रहित केलेला दरबार भरवावा आणि यंदा मान दाराकडून मोजावा, आणि सगळे मानकरी दाराशी दाटीवाटीने बसले, आणि विठोजी लांबचे भिंग घेऊन मोठ्या दिमाखाने उंबरठ्यावर. तसबीर उत्तम आली. नाक नाकाएवढे जाहले. मशालजी तेवढा सिंहासनामागे भिंतीशी उभा होता, तो दुरून पाहता महाराजांच्या खांद्याला खांदा लावून उभा दिसला, आणि दिवाणांस दोन दिवस अन्न गेले नाही.

महाराजांनी दोन्ही तसबिरी पुढे मांडून पुसिले, "यातले आम्ही कोणते?"

बाईसाहेब बोलिल्या, "दरबार दुरून पाहतो, त्यास ही नवी. मी जवळ बसते, मला रोज ती जुनीच दिसते. मला तिची सवय आहे."

त्या सांजेस महाराज पाटावर आले आणि पहिल्याच घासास म्हणाले की, आमटी खारट आहे.

येणेप्रमाणे नाक होते तेवढेच राहिले. नवी तसबीर दरबारी लागली. जुनी बाईसाहेबांच्या फणेरपेटीत आहे, कोणास दाखवीत नाहीत. इति.