भालूच्या गाठी आणि सिस्टर साळवी

सिस्टर साळवींच्या हातात हात दिला, की तो अर्धा मिनिट परत मिळत नाही. आपल्याला वाटतं, केवढा हा जिव्हाळा! त्या मात्र पदराला उलट्या टाचलेल्या घड्याळाकडे बघत आपली नाडी मोजत असतात. मग हात सोडून सांगतात, "अठ्ठ्याऐंशी. जिने पळत चढू नका." आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी त्यांना लांबूनच नमस्कार करतात.

मयूर विहारमधल्या आमच्या बिनलिफ्टच्या इमारतीत त्या दुसऱ्या मजल्यावर एकट्या राहतात. मूळच्या चिपळूणच्या. दिल्लीतल्या एका सरकारी रुग्णालयात चौतीस वर्षं नर्स होत्या. निवृत्ती त्यांनी फक्त कागदावर घेतली. राउंड चालूच आहे. सकाळी आठला आणि संध्याकाळी सहाला, तळमजल्यावरच्या आमच्या दारापासून थेट वरपर्यंत. एकदा माझे साहेब घरी चहाला आले होते. उघड्या दारातून सिस्टरांचा खणखणीत आवाज आला, "काय हो, पोट साफ?" प्रश्न मला होता, पण साहेबच दचकून म्हणाले, "जी, बिल्कुल!"

भाजीवाल्याची नखं तपासल्याशिवाय त्या कोथिंबीर घेत नाहीत. "दिखाओ भैया, दोनों हाथ." तो मिशीवाला गडी मुकाट्याने हात पुढे करतो.

मी त्यांना टाळायचो, हे कबूल करतो. सहा वाजत आले, की दार लावून घ्यायचो. गेल्या ऑक्टोबरपर्यंत.

भालू हा माझ्या वडिलांचा कुत्रा. ल्हासा अप्सो, वय तेरा, केस जमिनीला टेकणारे. अप्पा रोज सकाळी बाल्कनीत बसून तासभर त्याला विंचरायचे. ऑगस्टमध्ये अप्पा बाथरूममध्ये घसरून पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, मग टाक्यांत पू झाला. दोन महिने मी आणि माझी बायको वैशाली ऑफिस आणि हॉस्पिटल यांच्यामध्ये धावत होतो. भालूला खाणं मिळत होतं, फिरणं मिळत होतं. कंगव्याची आठवण कुणालाच राहिली नाही.

अप्पा घरी आले, तेव्हा भालू सोफ्याखाली होता. ओढून बाहेर काढला. कानांमागे, गळ्याखाली, पोटावर केसांची घोंगडी झाली होती. काखेतले केस ताणले जात होते, म्हणून तो पाय नीट उचलत नव्हता. अप्पांनी पलंगावरून हात पुढे केला, तर त्यांच्यावरच दात काढून गुरगुरला. अप्पांनी हात मागे घेतला आणि भिंतीकडे तोंड केलं.

कुत्र्यांच्या पार्लरवाल्याने एका नजरेत निकाल दिला. "सर, पूरा उतारना पड़ेगा. ज़ीरो मशीन."

"थंडी तोंडावर आली आहे," अप्पा म्हणाले. "म्हातारा झालाय तो. दिल्लीच्या थंडीत उघडा ठेवणार त्याला?"

केस उतरवण्यावाचून दुसरा मार्ग सुचेना. मी सरोजिनी नगरच्या बाजारातून लहान मुलाचा एक लाल स्वेटर घेऊन आलो. तो भालूच्या पाठीशी धरून माप बघत होतो आणि नेमके सहा वाजले. दार लावायचं राहून गेलं होतं.

सिस्टर आत आल्या. भालूकडे बघितलं, मग माझ्याकडे. आता खरडपट्टी, असं मला वाटलं.

"किती दिवस?" त्यांनी विचारलं.

"दोन महिने."

"हं. तो स्वेटर आत ठेवा. लोकर घासून आणखी गाठी होतात. आंघोळ घातलीत?"

"उद्या घालणार आहे," मी जरा ऐटीत सांगितलं.

"घालाल तर खबरदार! ओली गाठ आवळत जाते. आधी सोडवायची, मग पाणी."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ड्युटी सुरू झाली. मक्याचं पांढरं पीठ म्हणजे कॉर्नफ्लोअर, रुंद दातांचा कंगवा आणि बँडेज कापायची बोथट टोकाची कात्री. अप्पांच्या पलंगाशेजारी जुनी चादर अंथरून सिस्टर खाली बसल्या. गाठीवर पीठ भुरभुरायचं, म्हणजे केस सुटायला सोपे जातात. एका हाताने केस मुळाशी दाबून धरायचे, म्हणजे कातडी ओढली जात नाही. दुसऱ्या हाताच्या बोटांनी गाठ टोकाकडून उकलत यायची. एकेका गाठीला अर्धा अर्धा तास. भालू गुरगुरला, की म्हणायच्या, "दुखलं. कळलं. थांबले." आणि खरंच थांबायच्या. तो शांत झाला, की पुन्हा सुरू.

"अप्पा, तुम्ही नुसते पडून राहू नका. बोलत राहा. त्याला ओळखीचा आवाज हवा."

हॉस्पिटलमधून आल्यापासून हो-नाहीपलीकडे क्वचितच बोलणारे अप्पा भालूशी बोलायला लागले. आधी नुसतंच "शहाणा तो", मग त्याला पिल्लू असताना थैलीतून घरी कसं आणलं ते, मग माझ्या लहानपणीचे किस्से, जे मीही ऐकले नव्हते. मधूनच सिस्टर मान वर न करता हुकूम सोडायच्या, "घसा सुकला, पाणी प्या. पाऊल वर-खाली, दहा वेळा." फिजिओथेरपिस्टला दारातून परत पाठवणारे अप्पा पाऊल हलवू लागले.

हे नऊ दिवस, रोज संध्याकाळी चाललं. इमारतीचा सहाचा राउंड बंद पडला. चौथ्या दिवशी तिसऱ्या मजल्यावरचे शर्माजी स्वतः खाली आले आणि उभ्या उभ्या नाडी दाखवून गेले.

काखेत आणि पोटावर गाठी कातडीला अगदी चिकटल्या होत्या. त्या मात्र जनावरांच्या डॉक्टरांना बोलावून काढून घेतल्या आणि लाल झालेल्या जागी मलम लावलं. पण पाठ, कान, शेपूट, सगळं वाचलं. दहाव्या दिवशी रविवार होता. दुपारच्या उन्हात आंघोळ झाली. कोरडा होऊन भालू आत आला, पुढचे दोन्ही पाय पलंगावर ठेवले आणि अप्पांचा हात चाटायला लागला. अप्पांनी पडल्या पडल्याच कंगवा मागून घेतला. मी चहा टाकायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात पळालो.

चहा पिताना मी म्हणालो, "सिस्टर, तुमचे उपकार कसे फेडू? मशीनने दहा मिनिटांचं काम होतं. तुम्ही नऊ दिवस बसलात."

"वॉर्डातही सगळे हेच म्हणायचे," त्या म्हणाल्या. "महिनोन्महिने अंथरुणात पडलेल्या बायकांचे केस असेच व्हायचे. कापून टाका, वेळ कुणाला आहे? मग ड्युटी संपल्यावर मी बसायचे. एकीला वाटायचं, केस गेले म्हणजे आता आपण काही घरी जात नाही. चार दिवस लागले. वेणी घालून घरी गेली ती."

"मग पुन्हा भेटल्या कधी?" वैशालीने विचारलं.

"छे! कुणीच येत नाही. येऊही नये. बऱ्या माणसाने हॉस्पिटलात कशाला यायचं? नवीन मुलींना मी शिकवायचे, पेशंट घरी गेला की चादर बदला, पुढचा येतोय." त्यांनी भालूकडे बघितलं. "चौतीस वर्षांत हा पहिलाच. बरा झाला आणि माझ्यापासून दोन जिन्यांवर राहतोय."

कप ठेवून त्या उठल्या. भालूही उठला आणि मोकळ्या झालेल्या पायांनी त्यांच्या मागोमाग जिना चढायला लागला. मी हाक मारणार होतो, तर अप्पा म्हणाले, "जाऊ दे रे."

वरून सिस्टरांचा आवाज आला. इतका हळू आवाज त्यांचा मी कधी ऐकला नव्हता. "अगं बाई, तू आलास? ये, ये."