मंगळवार पेठेच्या दोन मुसळांची कैफियत

श्रीअंबाबाईचे चरणी मस्तक ठेवून, पेठेतील वडीलधाऱ्यांस मुजरा करून, डोळां देखिले आणि कानी ऐकिले तेवढेच लिहितो. शके एकोणीसशे पंचवीस, चैत्र मास, करवीर नगरी, मंगळवार पेठ, या स्थळी या काळी दोन सुवासिनींमध्ये युद्ध जाहले नाही. न जाहलेले युद्ध जाहले म्हणून घरोघर दाखविले गेले, सबब ही कैफियत लिहिणे प्राप्त जाहले.

त्या समयी दूरचित्रवाणीवरील मालिकांचा अंमल सर्व मुलखावर बसला होता. त्या दौलतीचा दस्तूर ऐसा की, एका छपराखाली दोन स्त्रिया आल्या म्हणजे त्या वैरिणीच असाव्या, आणि एकीने न्याहारीच्या वक्ती देखील पैठणी नेसून, नवरत्नांचा हार लेऊन, दुसरीच्या दुधात विष कालवावे, आणि दुसरीस ते कळताच तिचे मुखकमल तीन अंगांनी तीन वेळा दाखवावे, आणि दर वेळी वीज कडाडावी. त्या वाड्यांत कोणी भाकरी थापली, कोणी भांडे घासिले, ऐसे आजतागायत कोणी पाहिले नाही. वैर हाच त्या स्त्रियांचा रोजगार.

हे पाहून पेठेतील 'झगमग' केबलचे धनी राजमान्य राजश्री बसवेशराव यांचे चित्ती हाव उपजली. मग त्यांनी पुण्याहून एक निवेदक, कोट-टाय व अत्तरासहित, आणविले, आणि मसलत करून 'तिखट महासंग्राम' नामे चटणीची स्पर्धा पुकारिली, आणि फर्मान काढिले की, जी जिंकेल तिजला मिक्सर बहाल केला जाईल. उखळात कांडणाऱ्या बायकांस मिक्सर इनाम! ऐसी त्या दरबारची अक्कल.

पेठेत मातबर दोघी. शालूबाई थोरल्या, आणि निपाणीकडून सून होऊन आलेल्या रत्नव्वा धाकट्या. पेठेत मिरची कुटण्याचे यंत्र, विजेचा डंक, असता या दोघी चौदा वर्षे शालूबाईंचे दारी एकाच उखळात दोन मुसळांनी मिरची कांडीत. एकीचे मुसळ वर, तों दुसरीचे खाली. ताल चुकला तर मनगट मोडावे, परंतु चौदा वर्षांत नखास इजा नाही. अर्ध्या पेठेचे वर्ष त्या चटणीवर निघे. हे उखळच या मोहिमेत पणास लागले.

मग निवेदकांनी दोघींस निरनिराळ्या पाचारून पुसिले की, प्रतिस्पर्ध्याविषयी आपले मत काय. रत्नव्वा हसून बोलिल्या, "शालूअक्का खुळी हाय की! सोताच्या घरात मीठ नसलं, तरी दुसऱ्याच्या चटणीत हात आखडायची न्हाय." आणि शालूबाई बोलिल्या, "रत्नव्वाचा नाद न्हाय करायचा कुणी. तिच्यावानी मिरची भाजणारी हाय का एक तरी?"

करवीरात खुळी म्हणजे जिवाची, आणि नाद न्हाय करायचा म्हणजे मुजरा, हे पेठेची शेळी देखील जाणे. निवेदक न जाणते जाहले. त्यांस हे युद्धाचे दोन खलिते भासले. मग त्यांनी कात्री चालवून उभयतांचे पहिले वाक्य राखिले, पुढील कापिले, आणि मध्ये वीज कडाडविली. 'शालूअक्का खुळी हाय', आणि वीज. 'रत्नव्वाचा नाद न्हाय करायचा', आणि पुन्हा वीज.

जो शब्द उखळापाशी शंभर वेळा हसून घेतला, तोच चारचौघांत, विजेसहित ऐकता शालूबाईंचे काळजात रुतला. तिकडे रत्नव्वांसही तोच विषाद. मग शालूबाईंनी दारचे उखळ पालथे घातले. आठ दिवस बायका मिरची घेऊन येत आणि मिरची घेऊन परत जात. शेजारच्या चिमणाबाई तहाची बोलणी घेऊन गेल्या.

"अगं, जाऊन इचार की तिला. बोलल्याबिगर कळतंय व्हय?"

"सगळ्या गावाफुडं खुळी म्हणली. आता तिनंच यावं," ऐसे शालूबाईंचे उत्तर.

तह फिसकटला. झगमगाचे दरबारी मात्र आनंदीआनंद, आणि हुकूम सुटला की, अंतिम लढतीस दोघींचे अश्रू हरहुन्नरे करून टिपावे.

लढतीचा दिवस उगवला. तालमीपुढील पटांगणात दहा हातांचे अंतर राखून दोन उखळे मांडिली, आणि सारी पेठ लोटली, आणि निवेदकांनी ललकारी दिली की, आज एकीचा अंत होणार. मग मुसळे पडू लागली. परंतु चौदा वर्षांची सवय ऐसी की, रत्नव्वा एक घाव घालीत आणि दुसरीचे मुसळ पडेल इतके थांबत. आणि त्या थांब्यात दहा हातांवरून शालूबाईंचा घाव पडे. दोन उखळे, परंतु ताल एक. प्रथम चिमणाबाईंचे ध्यानी आले, मग साऱ्या पेठेचे.

शालूबाईंनी मुसळ थांबविले.

"काय गं, मी खुळी व्हय?"

"व्हय की! चौदा वरसं खुळीच हायस. फुडचं बोललो ते कापलंय त्यांनी. आणि माझा नाद न्हाय करायचा, असं तू म्हणलीस न्हवं?"

"म्हणलो की. मिरची भाजावी तर तूच, म्हणून म्हणलो."

"यव्वा! तेबी कापलं बघ मुडद्यांनी."

मग रत्नव्वांनी आपली मिरची पदरात भरिली, मुसळ खांद्यावर टाकिले, आणि दहा हातांचा मुलूख ओलांडून शालूबाईंचे उखळ गाठिले. बसवेशराव ओरडले की, हे नियमात बसत नाही. कोणी ऐकिले नाही. दोन मुसळे एका उखळात पडू लागली, आणि तिखटाच्या धुरळ्याचा ऐसा खकाणा उठला की, वाऱ्याचे तोंड झगमगाच्या फौजेकडे असल्याने क्यामेरेवाले ठसकत पळाले, बसवेशराव शिंकत मांडवाबाहेर गेले, आणि निवेदक एकटे टाय डोळ्यांस लावून ढसढसा रडू लागले.

चिमणाबाईंनी त्यांस पाण्याचा तांब्या दिला. "पावणं, रडू नगासा. मिरचीच हाय, सासू न्हाय."

येणेप्रमाणे करवीरी दोन मुसळांची फत्ते जाहली. झगमगास अश्रू हवे होते, ते त्यांस त्यांचेच पदरचे मिळाले. मिक्सर खोक्यासहित त्यांजकडेच राहिला. हा विजय वाहिनीने दाखविला नाही, सबब येथे नमूद केला. शालूबाईंचे दारचे उखळ सरळ आहे. मिरची घेऊन यावे.