शेवटचं वाक्य विंगेतून

मी विंगेत प्रॉम्प्टिंगची वही धरून बसले की नाटक पडणं शक्यच नाही, हे मी अमेरिकेतल्या आमच्या कॅरी गावच्या मराठी मंडळात आधीच जाहीर करून टाकलं होतं! साठी उलटल्यावर वाचायला शिकलेली बाई मी. एक अक्षर सोडत नाही. कंसातलंसुद्धा!

नाटक जुनं, अमेरिकेतलं, नावाजलेलं. आमच्या दिग्दर्शक प्रल्हादनं मराठीत आणलेलं. नवरा-बायको दोन अंक कडाकडा भांडतात आणि शेवटी बायको बॅग उचलून म्हणते, "जाते मी. कायमची!" दार आपटते. पडदा! बायको झाली होती माझी सून रेणू, नवरा माझा मुलगा सिद्धेश. आणि गोम अशी, की घरात दोघांचा खराखुरा अबोला चालू होता!

कारण एवढंसं. रेणूला कंपनीनं तीन महिन्यांसाठी पार देशाच्या दुसऱ्या टोकाला, चँडलरला बोलावलं. सिद्धेश म्हणाला, "तुझी मर्जी." ती म्हणाली, "फाइन." झालं! तेव्हापासून नऊ दिवस मी टपालखातं!

"आई, त्याला सांगा, ट्रॅश बाहेर ठेवायचाय."

"आई, तिला सांग, आमटीत मीठ कमी आहे."

अहो, आमटी मी केली होती!

तालमीत मात्र दोघांची तोंडं अशी सुटायची, जसा कुकरचा उडालेला व्हॉल्व्ह. प्रल्हाद खूश. "काय रिअल वाटतंय यार!"

वाटणारच!

मधल्या रविवारी त्यानं सगळ्यांना याच नाटकावरचा जुना सिनेमा दाखवला. त्यात बायको दारापर्यंत जाते, थांबते आणि मागे फिरते. मी पदरानं डोळे पुसले.

"प्रल्हाद, हाच शेवट घेऊ या रे."

"काकू, तो सिनेमावाल्यांनी गोड केलाय. आपण ओरिजिनलच करायचं."

मी वहीचं शेवटचं पान पुन्हा वाचलं. शनिवारच्या प्रयोगात माझ्या सुनेनं दोनशे माणसांदेखत माझ्या मुलाला 'कायमची जाते' म्हणायचं, आणि मंगळवारी तिचं खरंच विमान! ही दोघं त्याआधी एकमेकांशी बोलली नाहीत तर?

शनिवारी शाळेच्या ऑडिटोरियममध्ये नाटकांची स्पर्धा. परीक्षक खास डब्लिनहून, म्हणजे अमेरिकेतल्याच दुसऱ्या गावाहून आलेले. पहिल्या अंकात सिद्धेश मध्येच अडकला. मी लगेच विंगेतून पुरवलं, "पाणी पितो, खिडकीबाहेर बघतो!"

"पाणी पितो, खिडकीबाहेर बघतो!" सिद्धेश ठणकावून म्हणाला.

कंसातलं होतं ते!

हॉलमध्ये खसखस पिकली. प्रल्हादनं समोरच्या विंगेतून माझ्याकडे असं बघितलं, की त्याच्या नजरेवर पापड भाजून निघाला असता. मी मान खाली घातली आणि ठरवलं, आता तोंड उघडायचं नाही.

ते मी शेवटपर्यंत पाळलं. म्हणजे, शेवटाच्या जरा आधीपर्यंत!

रेणूनं बॅग उचलली. घरचीच बॅग, मंगळवारी चँडलरला जाणारी. दाराशी गेली. बाहेर दिवेलागण झालेली. आणि ती म्हणाली, "जाते—"

माझ्या हातातली वही पडली.

"जाते म्हणू नये ग! येते म्हण!"

विंगेत माइक लावलेला असतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं!

घरातून निघताना मला 'येते' म्हणायची बारा वर्षांची सवय. रेणू वळली आणि चटकन म्हणाली, "येते, आई."

नाटकात आईचं पात्रच नव्हतं!

त्यावर सिद्धेशनं तरी गप्प बसावं? घरातून कुणीही बाहेर पडलं की तो जे म्हणतो तेच बोलून गेला, "पोचलीस की फोन कर."

तिसऱ्या रांगेतून आवाज आला, "सावकाश जा ग!"

मग जो हशा फुटला! रेणू दार आपटायचंच विसरली. पडदा ओढणाऱ्यानं घाबरून पडदा ओढला तो सिद्धेशच्या डोक्यावरून.

आम्हाला पहिलं बक्षीस मिळालं. सर्वोत्कृष्ट विनोदी नाटक! प्रल्हादनं ती ट्रॉफी गळका डबा धरावा तशी लांब धरली होती.

घरी जाताना सिद्धेश गाडी चालवत होता, रेणू त्याच्या शेजारी. मी मागच्या सीटवर, वही मांडीवर घेऊन. मग रेणू हळूच म्हणाली, "फोन करू खरंच?"

"रोज कर." सिद्धेशनं हायवेची एक्झिट चुकवली. "मी वीकेंडला येत जाईन तिकडे. तू जाणार म्हटल्यावर काय बोलावं सुचेनाच मला."

"मग विचारायचं ना आईंना! त्यांच्याकडे सगळं लिहिलेलं असतं!"

दोघं हसत सुटली. मीही मोकळेपणानं हसले. आता शाबासकी मिळणार म्हणून जरा पुढे सरकून बसले.

"पण त्यांना विंगेत बसवायची आयडिया कोणाची होती?" रेणूनं विचारलं.

"माझी नाही!"

"माझी तर नाहीच नाही!"

नऊ दिवसांनंतर पहिल्यांदा दोघांचं एकमत झालं. ते अजून टिकून आहे. दुसऱ्या दिवशी जेवताना सिद्धेश माझ्याकडे न बघता म्हणाला,

"रेणू, प्रॉम्प्टरबाईंना सांग, आमटीत मीठ कमी आहे."