काच शाबूत, किल्ली फरार

माझी नजर घारीची आहे, कान सशाचे आहेत, आणि बुद्धीला शोभेल असा प्राणी मला अजून सापडलेला नाही. माझ्या ताईनं एकदा एक सुचवला होता, पण तो इथे लिहिण्यासारखा नाही. गुन्हेगार माझं नाव ऐकून चळाचळा कापत नाहीत, याचं कारण एवढंच की त्यांनी ते अजून ऐकलेलं नाही.

शिंप्याच्या दुकानावर माझी कचेरी आहे. बाहेर हातभर पाटी आहे, 'खाजगी गुप्तहेर'. एवढ्या मोठ्या अक्षरात लिहिल्यावर त्यात गुप्त काय राहिलं, असं शिंपी मला रोज विचारतो. शिंप्याला या धंद्यातलं काही कळत नाही. आजवर कितीतरी गुंतागुंतीची प्रकरणं माझ्या हातून गेली आहेत. त्यांतली बरीचशी मी पोचायच्या आधीच सुटली होती, पण पोचल्यावर मी त्यांना दुजोरा दिला.

त्या दिवशी सकाळी ताईचा फोन आला. ताई शाळेत मुख्याध्यापिका आहे. मी घरातलं शेंडेफळ, म्हणून ती मला शेंड्या म्हणते. धंद्याच्या दृष्टीनं हे बरं नाही, असं मी तिला कितीदा सांगून पाहिलंय.

"शेंड्या, रिकामा आहेस ना? असशीलच. शाळेत ये."

"खून?"

"किल्ली हरवलीय. शोधायला दोन हात हवेत. डोकं घरी ठेवून आलास तरी चालेल."

मी दोन्ही घेऊन गेलो.

प्रकरण असं होतं. शाळेला वरचा मजला आहे आणि त्यावर चार वर्ग भरतात. एका टोकाला नेहमीचा जिना. दुसऱ्या टोकाला संकटकाळी बाहेर पडायचं दार, आणि त्याच्या पलीकडे बाहेरून उतरणारा लोखंडी जिना. दाराशेजारी भिंतीवर लाल पेटी, पेटीला काच, काचेवर 'आग लागल्यास काच फोडा', आणि काचेमागे एक हूक. हुकाला किल्ली असायला हवी होती. त्या दिवशी सकाळी शिपाईकाका कित्येक महिन्यांनी काच पुसायला गेले, तर हूक रिकामा. काच मात्र शाबूत, तडासुद्धा गेलेला नव्हता.

आणि मधल्या सुट्टीनंतर अग्निशमन खात्याचे तपासनीस येणार होते. मागच्या खेपेला ते सांगून गेले होते, या वेळी काही चुकलं तर वरच्या मजल्याला सील. म्हणजे चारही वर्गांतली पोरं बाहेर, आणि मिळेल त्या शाळेत पांगणार.

"मी यंदाच या खुर्चीवर बसले," ताई म्हणाली. "जिन्यातली कपाटं हलवली. आग विझवायच्या नळकांड्या भरून आणल्या. उघड्या वायरी बदलून घेतल्या. मुलांचा इतका सराव घेतलाय की घंटा वाजली की झोपेतसुद्धा रांगेनं जिना उतरतील. आणि आता एका किल्लीपायी माझी पोरं घालवू का मी?"

ताईला सहसा रडू येत नाही. तिचं नाक लाल झालेलं पाहून मला मनापासून वाईट वाटलं आणि मी तातडीनं भिंग काढलं.

"सरावात हे दार वापरत नव्हतात?" मी विचारलं.

"कसं वापरणार? किल्लीसाठी काच फोडायची. फोडली की नवी बसवायची. म्हणून ते दार सोडून द्यायचं, अशी इथली पद्धत. त्याला कुणी हात लावायचा नाही, असं मुलांना पहिल्या दिवसापासून बजावलेलं असतं."

"आणि शिक्षकांना?"

"शिक्षक मुलांपेक्षा आज्ञाधारक असतात," बाजूला उभे असलेले गणिताचे सर म्हणाले. हे सर बारीक आहेत आणि त्यांच्या शंकाही बारीक असतात. मी त्यांना संशयितांत पहिलं स्थान दिलं.

मी पेटीची पाहणी केली. "सर, बंद पेटीतून किल्ली नाहीशी होते आणि काचेला धक्का लागत नाही. याला एकच उत्तर आहे. लोहचुंबक. प्रयोगशाळेतला मोठा लोहचुंबक काचेला लावला, किल्ली हुकावरून उचलली गेली."

"बरं. मग ती काचेतून बाहेर कशी आली?"

"तपास तिथपर्यंत आलाय," मी म्हणालो. "आधीचे मुख्याध्यापक कुठे असतात?"

"निवृत्त झाले. मुलाकडे राहतात."

"फोन?"

"उचलत नाहीत. दुपारचे झोपतात."

"सकाळी दुपारची झोप," मी नुसतंच म्हणालो आणि सूचक पाहिलं. सरांनी कुठे पाहायचं ते न कळून घड्याळाकडे पाहिलं.

तेवढ्यात शिपाईकाकांनी चाव्या बनवणारा एक माणूस बोलावून आणला. ही कल्पना ताईची. व्यवहारी माणसांचं असंच असतं. त्या माणसानं दार वरून खालपर्यंत न्याहाळलं, डोकं खाजवलं आणि म्हणाला, "साहेब, याचं कुलूप कुठंय?"

मी त्याला बाजूला घेतलं. ज्याला कुलूप ओळखता येत नाही तो कसला चावीवाला? माणूस तोतया होता, यात शंका नव्हती. किल्ली चोरणाऱ्या टोळीनं पाहणी करायला पाठवलेला. मी त्याला दोन खोचक प्रश्न विचारले आणि जिन्यावरून खाली लावून दिला. जाताना तो काहीतरी पुटपुटत होता. गुन्हेगार पुटपुटतातच.

मग मी दाराकडे वळलो. दाराच्या मधोमध एक आडवी दांडी होती. गेल्या मोठ्या सुट्टीत कधीतरी बसवली, असं शिपाईकाका म्हणाले. तेव्हा ते गावी होते आणि ताई अजून या शाळेत आली नव्हती.

"अडसर," मी म्हणालो. "दार आणखी पक्कं बंद करायला."

सगळ्यांना तसंच वाटत होतं. दांडीला कुणीतरी दोरीनं 'पानाचे भाग' असा तक्ता टांगला होता. त्याला मधे एक भोक पडलं होतं आणि भोकातून खाली कोरलेलं एक अक्षर दिसत होतं. मी भिंग लावलं. 'क'.

"सही करून गेलाय," मी हळूच म्हणालो.

"तक्ता काढून बघू का?" सरांनी विचारलं.

"खबरदार. पुराव्याला हात लावायचा नाही."

'क' वरून सुरू होणारी माणसं शाळेत दोनच निघाली, कार्यानुभवाच्या बाई आणि काका. बाई महिनाभर बाळंतपणाच्या रजेवर होत्या. मी शिपाईकाकांना कोपऱ्यात घेतलं.

"तुम्हाला काका का म्हणतात?"

"वयानं."

"किती वर्षांपासून?"

"वय झाल्यापासून. साहेब, तुम्ही चहा घेता का?"

मी चहा घेतला. तपासात संशयिताशी सलोख्यानं वागावं लागतं.

मी चहा पीत असताना एक नव्या बाई माझ्याकडे आल्या. त्याच दिवशी सकाळी रुजू झाल्या होत्या, हातात अजून पिशवी होती. त्यांनी जरा संकोचून विचारलं, "अहो, इथे बायकांचं स्वच्छतागृह कुठल्या बाजूला आहे?"

"बाई, तपास चालू आहे. प्रश्न मी विचारतो."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, भिंगाकडे पाहिलं आणि त्या निघून गेल्या. त्या कुठे गेल्या ते मी पाहिलं नाही.

मधली सुट्टी संपली. ताई व्हरांड्यात आली तेव्हा तिचा आवाज बसला होता. "कळलं काही?"

"ताई, धीर धर. मला गणिताचे सर आणि काका यांचं संगनमत वाटतंय. मी शिक्षकांच्या खोलीत टेबलाखाली दडून बसतो. दोघं तिथे आले की बोलतीलच."

"ते दोघं गेली वीस वर्षं एकमेकांशी बोललेले नाहीत."

"बघ, किती सावध आहेत."

ताईनं कपाळाला हात लावला आणि ती गेली. मी टेबलाखाली शिरलो. टेबलाला जमिनीपर्यंत कापड होतं, त्यामुळे जागा उत्तम होती. मी कान टवकारले आणि त्याच क्षणी शाळेतली मोठी घंटा ठणाणा वाजायला लागली.

शेजारच्या वर्गांत बाकं सरकली. पावलं रांगेनं, न धावता, जिन्याकडे गेली. लहान आवाजात कुणीतरी "ढकलू नकोस" म्हणालं. मग सगळं शांत झालं आणि नुसती घंटा वाजत राहिली.

मी मनाशी हसलो. चोरानंच घंटा वाजवून इमारत रिकामी केली होती. असल्या युक्तीला दुसरा कुणी भुलला असता. मी जागचा हललो नाही.

पुढचं मला नंतर कळलं. नव्या बाई स्वच्छतागृह शोधत व्हरांड्याच्या टोकाला गेल्या. दाराला हात लावायचा नाही, हे त्यांना कुणी सांगायचं राहिलं होतं. तक्ता वाकडा लोंबत होता म्हणून त्यांनी तो काढून सरळ करायला घेतला. खाली दांडीवर लिहिलेलं होतं, 'ढकला'. त्यांनी ढकललं. दार सताड उघडलं आणि दाराला जोडलेली घंटा सुरू झाली.

दाराला कुलूपच नव्हतं. आतून बाहेर पडायच्या दाराला किल्ली लागता कामा नये, असा नियम आहे. म्हणून आधीच्या मुख्याध्यापकांनी जाता जाता कुलूप काढून ती दांडी बसवून घेतली होती, आणि कुलूपच गेल्यावर पेटीचे स्क्रू सोडवून मागच्या बाजूनं किल्लीही काढून घेतली. पेटी तेवढी राहिली, कारण ती काढली असती तर भिंतीला भोकं दिसली असती. आणि ढकलून कुणी पाहिलं नाही, कारण हात लावायचा नाही.

मला मात्र टेबलाखाली फक्त जड बुटांचा आवाज आला. कापड वर झालं. खाकी कपड्यातले, मिशा पिकलेले एक गृहस्थ वाकून माझ्याकडे पाहत होते.

"सापडलास," मी म्हणालो.

"हो, तुम्ही सापडलात," ते म्हणाले आणि त्यांनी मला दंडाला धरून बाहेर काढलं.

पटांगणात सगळी शाळा रांगेत उभी होती. तपासनीस फाटकातून आत शिरत असतानाच घंटा झाली होती, आणि सगळी पोरं खाली येताना त्यांनी स्वतः पाहिली होती. ताईनं त्यांना छाती पुढे काढून सांगितलं होतं, सगळे बाहेर आहेत.

"सगळे बाहेर, म्हणालात," तपासनीस ताईला म्हणाले. "मग हे कोण?"

ताईनं माझ्याकडे पाहिलं. मग वरच्या मजल्याकडे पाहिलं. मग पोरांकडे.

"मी यांना ओळखत नाही," ती म्हणाली.

पण ताईनं पदराचं टोक बोटाला गच्च गुंडाळलं होतं, ते मला दिसलं. घारीची नजर लागली नाही त्याला.

"मीही या बाईंना ओळखत नाही," मी म्हणालो. "मी चोर आहे."

"काय चोरायला आलात?"

"किल्ली."

"कसली?"

"ते अजून ठरलं नव्हतं."

तपासनीसांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा ताईकडे. "नाक तर एकाच साच्यातलं आहे," ते म्हणाले. दिवसभरातलं ते पहिलंच बरोबर अनुमान होतं आणि ते माझं नव्हतं.

ताईचा बांध फुटला. "भाऊ आहे माझा. धाकटा. मी खोटं बोलले, मला काय ती शिक्षा करा. पण माझा वरचा मजला बंद करू नका हो."

"घंटा झाल्यावर खोल्या कोण तपासतं?"

"मीच. शेवटी."

"शिक्षकांची खोली?"

"तिथे... त्या वेळी कुणी नसतं."

"आज होते. बाई, मुलं बाहेर येतात, ती शहाणी असतात. अडकतो तो मोठा माणूस. त्याला वाटतं, घंटा दुसऱ्यांसाठी आहे, आपल्याला काम आहे." ते माझा दंड सोडून म्हणाले, "पुन्हा एकदा होऊ द्या. दोन्ही जिन्यांनी. हे जिथे होते तिथे बसतील. सगळे बाहेर आले तर सही करतो. एक जरी आत राहिला तरी सील."

म्हणजे शाळेचं दुर्दैव, खरं तर सुदैव, माझ्या हाती आलं होतं. शाळेतली खरी त्रुटी माझ्या दडून बसण्यामुळेच उजेडात आली, हे मी ताईला जिना चढताना पटवून देत होतो. तिनं ऐकल्याचं काही दिसलं नाही.

घंटा झाली. मी तत्काळ निघणार होतो, शपथेवर सांगतो. पण टेबलाच्या पायाशी काहीतरी चकाकलं. मी वाकलो. भिंग लावलं. पितळी होतं. कदाचित पिनेचा तुकडा, कदाचित किल्लीचं टोक. मी आणखी वाकलो, आणि माझा उजवा कान कुणीतरी पकडला.

ताईनं मला तसंच व्हरांड्यातून नेलं, उघड्या दारातून नेलं, लोखंडी जिन्यानं खाली नेलं. पोरं रांगेत उभी राहून टाळ्या वाजवत होती. कार्यक्रमाचाच भाग आहे असं त्यांना वाटलं. सर आणि काका एकमेकांकडे पाहून हसले, आणि म्हणे बोललेसुद्धा.

तपासनीसांनी पटांगण पाहिलं, माझा कान पाहिला आणि खिशातून पेन काढलं. "सगळे बाहेर," ते म्हणाले आणि त्यांनी सही केली.

ताई तिथेच पायरीवर बसली. जरा हसली, जरा रडली, पदरानं नाक पुसलं.

"ताई, आता कान सोड," मी म्हणालो.

"मघाशी दोन मिनिटं मी तुला ओळखत नव्हते," ती म्हणाली, "काय सुखात होते रे मी."

तिनं कान सोडला. मग माझा हात धरला, आणि पोरं पुन्हा वर जाऊन चारही वर्गांत आपापल्या जागी बसेपर्यंत तो तिनं सोडला नाही.