दोष : बारीक टिकटिक

हे कोणाला खरं वाटणार नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे मागाहून कोणी भुवया चढवायला नको. कचेरीनं एका माणसाला खेळाचा हेडसेट तपासायला दिला, आणि त्या हेडसेटनं त्याच्या घरातली हरवलेली उशी शोधून दिली. उशीवर थांबला असता तरी एक वेळ चाललं असतं. पण तो पुढे त्या माणसाच्या मनातच शिरला.

माणूस म्हणजे शेरेकाका. खरं आडनाव वेगळं होतं, पण ते आता फक्त पगाराच्या पाकिटावर उरलं होतं. बाजारात येणारी वस्तू तपासायची आणि तिच्यावर शेरा मारायचा, हे त्यांच्या कचेरीचं काम. सव्वीस वर्षं शेरेकाकांनी छत्र्या हजार हजार वेळा उघडून मिटल्या होत्या, इस्त्र्या टेबलावरून पाडल्या होत्या आणि खुर्च्यांवर वाळूची पोती बसवली होती. कचेरीचे महत्त्वाचे नियम दोन. गिऱ्हाईक माहितीपुस्तिका वाचत नाही, सबब तपासनिसानंही ती वाचू नये, हा पहिला. दुसरा असा, की शेरा मनात ठेवू नये. सुचताक्षणी मोठ्यानं बोलावा आणि रेकॉर्डरवर घ्यावा. मनात ठेवलेला शेरा टेबलापर्यंत जाईतो मवाळ होतो, असं प्रमुखबाईंचं म्हणणं होतं.

या दुसऱ्या नियमानं शेरेकाकांच्या संसाराचा घात केला. सकाळी चहा पुढे आला की ते म्हणायचे, "रंग ठीक. धग कमी." काकूंनी दोन महिने खपून स्वेटर विणला, तेव्हा त्यांनी तो अंगात घातला, हात पुढे केले आणि म्हणाले, "डावी बाही अर्ध्या बोटानं लांब." काकू बिचाऱ्या बाही उसवायच्या आणि पुन्हा विणायला घ्यायच्या. घरात दिवसभर त्यांच्या सुयांची टिकटिक चालायची. मग एका दुपारी ती थांबली आणि काकूंनी विचारलं, "मी या घरात नसते तर तुम्हाला काय वाटलं असतं?"

दुसरा कोणी असता तर पटकन काहीतरी गोड बोलून सुटला असता. शेरेकाकांनी मात्र प्रामाणिकपणे विचार केला. "असं बसल्या जागी सांगता येणार नाही," ते म्हणाले. "तपासून बघावं लागेल."

"मग बघा तपासून," काकू म्हणाल्या. त्यांनी बॅग भरली. त्या बॅगेची चेन नेहमी अर्ध्यावर अडायची. दोन हिसके दिल्यावर ती पुढे सरकली, आणि काकू भावाकडे निघून गेल्या.

त्याला आता आठ दिवस झाले होते. एक दिवसाआड काकूंचा फोन यायचा. कसं चाललंय, असं त्या विचारायच्या. शेरेकाका ताठ बसून सांगायचे, की उत्तम. जेवण वेळेवर, झोप गाढ, काही विशेष फरक नाही. पलीकडून "बरं" एवढंच यायचं. फोन ठेवल्यावर घर पुन्हा गप्प व्हायचं. नळ गळत नव्हता, दार करकरत नव्हतं, शेरा मारावा असं काहीच घडत नव्हतं. शेरेकाका भिंतीकडे बघत करपलेली भाजी खायचे.

अशातच तो हेडसेट आला. कन्सोलवर खेळताना आणि खेळता खेळता दूरच्या गड्यांशी बोलताना कसा चालतो, ते बघायचं होतं. कचेरीकडे कन्सोल नव्हता. काकूंची भाची नेमकी नवा घेणार होती, तिनं आपला जुना आणून दिला, टीव्हीला जोडला आणि खात्याचं नावही परस्पर 'आतोबा' ठेवून टाकलं. जाताना ती बरंच काही सांगत होती: कुठलं बटण, कोण कोण खेळायला असतं, त्यात ती स्वतः कुठल्या नावानं असते. शेरेकाका हूं हूं म्हणत होते. त्यांचं सगळं लक्ष वायरीच्या जाडीकडे होतं.

काम सुरू झालं. रोज चार ते सहा. वजन ठीक, कानावर दाब जास्त, चष्म्याची दांडी कानात रुतते. खेळ होता बुरूज राखायचा. त्यांच्या बाजूला आणखी दोघं होती: 'खिळा', म्हणजे सामान पोचवणाऱ्या गाडीचा ड्रायव्हर, जो पाळी संपवून घरी येऊन खेळायचा, आणि 'गोगलगाय', एक बाई, तिच्या बोलण्यात अधूनमधून खोकला. गोगलगायीच्या आवाजामागे सतत एक बारीक टिकटिक ऐकू यायची. शेरेकाकांनी लगेच नोंदवलं: दोष, टिकटिक; हेडसेटचा की गोगलगायीचा, तपासणे बाकी.

माइकच्या दांडीवर एक बटण होतं आणि बटणाशेजारी दिवा. कचेरीतल्या झाडून सगळ्या यंत्रांवर हिरवा म्हणजे चालू आणि लाल म्हणजे बंद. त्यामुळे शत्रू दिसला की शेरेकाका हिरवा दिवा लावून ओरडायचे, "डावीकडून आला." आणि रेकॉर्डरवर शेरा घ्यायचा असला की सभ्यपणे लाल दिवा करायचे. दुसऱ्यांच्या कानावर आपलं दळण कशाला?

पहिल्याच दिवशी त्यांना एक गोष्ट खटकली. हिरव्या दिव्यात ते कितीही ओरडले तरी कोणी ढिम्म हलायचं नाही. त्यांनी खिळ्याला दोनदा सावध केलं, दोनदा तो मेला. त्यांनी एक विनोद सांगितला, घरी सगळं कसं मजेत चाललंय याचं लांबलचक वर्णन केलं. पलीकडे नुसती टिकटिक. आणि दुसऱ्या दिवशी ते स्वतः मेले, तेव्हा लाल दिवा करून त्यांनी रेकॉर्डरला सांगितलं, "पाठीमागची पावलं ऐकू आली नाहीत. मान वळत नाही, हेही कारण असू शकेल. दहा दिवस चुकीच्या उशीवर झोपतोय. बरोबर उशी ती कुठे ठेवते, माहीत नाही."

टिकटिक थांबली. गोगलगाय खोकली आणि म्हणाली, "आतोबा, कपाटाच्या वरच्या कप्प्यात बघा. चादरींच्या मागं."

शेरेकाकांनी जाऊन बघितलं. चादरींच्या मागे उशी होती.

ते उशी मांडीवर घेऊन बराच वेळ बसले. माइक तर बंद होता. मग या बाईला कळलं कसं?

तिसऱ्या दिवशी त्यांनी लाल दिव्यात पुटपुटून घेतलं की खिडकीतलं झाड माना टाकतंय. लगेच उत्तर आलं, की पाणी कमी घाला, मुळं कुजतील. चौथ्या दिवशी भाजी करपल्याची नोंद केली, खिळा म्हणाला, "काय आतोबा, गॅस बारीक ठेवत जा की. आमच्या घरी पण मीच करतो." सहाव्या दिवशी तर शेरेकाका नुसते उसासले, आणि दोघांनी एकदम विचारलं, जेवलात का.

माणूस सव्वीस वर्षं तपासणीत मुरलेला. चमत्कारावर विश्वास ठेवायचा नाही, पण समोर आलेलं नाकारायचंही नाही. त्यांनी अहवालाचा कच्चा खर्डा प्रमुखबाईंकडे पाठवला. 'विशेष गुण' या रकान्यात त्यांनी लिहिलं होतं: माइक बंद असताना वापरणाऱ्याच्या मनातलं पलीकडे पोचतं. घरातील वस्तूंचा ठावठिकाणाही समजतो.

प्रमुखबाईंनी त्यांना बोलावून घेतलं. उशी सापडणं हा हेडसेटचा गुण कसा, असं त्यांनी अगदी शांतपणे विचारलं.

"त्याच्याआधी सापडत नव्हती, मॅडम."

बाईंनी खर्डा मिटला. घरी सगळं ठीक आहे ना, असं विचारून बघितलं. शेरेकाका म्हणाले, उत्तम, काही विशेष फरक नाही. मग बाईंनी टिकटिकीच्या दोषापुढचा शेरा वाचून दाखवला. तिथं शेरेकाकांनी लिहिलं होतं: दुरुस्त करू नये.

"दोष आहे तर दुरुस्त का करू नये?"

शेरेकाका चष्मा काढून पुसू लागले. खरं असं होतं, की गेले काही दिवस ते चारची वाट बघायचे ती खेळासाठी नव्हेच. कानावर हेडसेट चढवला आणि ती टिकटिक सुरू झाली, की त्यांना घरात बसल्यासारखं वाटायचं. म्हणजे ते घरातच बसलेले असायचे, तरीही. सहा वाजता हेडसेट काढला की पुन्हा ती मेली शांतता. पण हे कुठल्या रकान्यात लिहिणार?

बाईंनी शुक्रवारपर्यंत मुदत दिली. मनातलं पोचतं हे प्रयोगानं सिद्ध करा, नाहीतर परत छत्र्या, असं ठरलं.

शुक्रवारी आभाळ भरून आलं होतं, खोलीत चार वाजताच अंधारून आलं. शेरेकाकांनी हेडसेट चढवला. खिळा होता, गोगलगाय होती, मागे टिकटिक होती. त्यांनी बटण दाबून लाल दिवा केला आणि रेकॉर्डर तोंडाशी धरला. नियम म्हणजे नियम.

"प्रयोग," ते म्हणाले. "माइक बंद. आता मी तोंडातून अवाक्षर न काढता मनात एक गोष्ट आणणार आहे. पलीकडच्यांनी ती ओळखली तर गुण सिद्ध." ते थांबले. "मनात आणलेली गोष्ट: तिनं परत यावं. कारणं: झोप नाही, जेवण नाही, घर ऐकवत नाही. एकोणीस दिवस झाले. फोनवर सांगितलं ते सगळं खोटं. बाही लांब नव्हती, माझाच हात आखूड असावा. नोंद संपली. आता गप्प राहून वाट बघतो."

टिकटिक थांबलेली होती. बुरुजावर शत्रू चढत होता, त्याच्याकडे कोणी बघेना. खिळ्यानं नाक ओढल्याचा आवाज आला. गोगलगाय खोकली नाही.

मग कानात, अगदी जवळून, कोणीतरी म्हणालं, "अहो."

साऱ्या जगात शेरेकाकांना अहो म्हणणारं माणूस एकच होतं. त्यांनी दचकून मागे बघितलं. मागे भिंत होती. ते चटकन ताठ झाले, बटण दाबून हिरवा दिवा केला, आणि फोनवर बोलत तशा आवाजात सांगू लागले, की अरे वा, तू होय, इकडे सगळं उत्तम आहे, झाड तरारलंय, जेवण वेळेवर, तू अगदी निवांत राहा. पाच मिनिटं सांगत होते. पलीकडून हूं की चूं नाही.

शेवटी गोगलगाय म्हणाली, "आतोबा, काही बोलताय का? बोलत असाल तर ऐकू येत नाहीये. हिरवा दिवा असला की माइक बंद असतो. लाल म्हणजे चालू. पुस्तिकेत पहिल्याच पानावर दिलंय."

आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच शेरेकाकांनी तो आवाज नुसता तपासला नाही, ऐकला. ही तर भाची. तिचा हा खोकला दर थंडीत असतो. आणि तिच्या मागे ती टिकटिक. एका घरात सव्वीस वर्षं ऐकून ती त्यांना ओळखता आली नव्हती. म्हणजे जे जे लपवलं ते पोचलं होतं आणि ज्या ज्या बढाया मारल्या त्या इथंच, या खोलीत विरल्या होत्या. हेडसेटला मनातलं काही कळत नव्हतं. ते स्वतःच रोज दोन तास जाहीर बोलत होते.

भाची सांगतच होती. पहिल्याच दिवशी ती त्यांना सावध करणार होती, पण शेजारी विणत बसलेल्या आत्यानं तिचा हात धरला. म्हणाली, राहू दे, माणूस पहिल्यांदाच काहीतरी बोलतोय.

शेरेकाकांनी हळूच बटण दाबलं. दिवा लाल झाला. आता काय बोलायचं? समोर भाची, ड्रायव्हर, आणि बायको. सगळ्यांनी सगळं ऐकलेलं. माणसाला थोडी तरी लाज झाकायला जागा लागते. त्यांनी खाकरून घसा साफ केला आणि कचेरीतला आवाज काढला.

"तू म्हणालीस तपासून बघा, म्हणून तपासलं. चाचणी पूर्ण. तू घरात नसल्यानं विशेष फरक आढळला नाही."

पलीकडे चेन ओढल्याचा आवाज आला. ती अर्ध्यावर अडली. एक हिसका, मग दुसरा, आणि चेन पुढे सरकली. ती बॅग कुठली आणि ती आता उघडली जातेय की मिटली जातेय, हे शेरेकाकांना डोळे मिटून कळलं.

"खोटं," काकू म्हणाल्या. "अहो, लाल दिव्यात तुम्हाला ते जमत नाही."