पेटंट, सासूबाईंच्या नजरेखालून

सुनावणीच्या दिवशी सकाळी सूनबाईने पेटंट कार्यालयाला आपणच धाडलेलं उत्तर पुन्हा एकदा वाचावं म्हणून उघडलं, आणि हातातला चहा हातातच राहिला. पानभर काळ्या पट्ट्या. पहिल्या ओळीवर पट्टी, मध्ये पट्टी, आणि ज्या पानावर तिच्या शोधाची सगळी करामत उलगडून सांगितली होती ते पान तर वरपासून खालपर्यंत काळंकुट्ट.

"अरे, इकडे ये," तिने नवऱ्याला हाक मारली. "हे असंच गेलंय त्यांच्याकडे."

नवऱ्याने डोकावून पाहिलं. "छापायला बसले तर शाई संपेल त्यांची."

काही नवऱ्यांना घर पेटलं तरी आधी विनोद सुचतो, मग पाणी. हा त्यातलाच.

काळ्या पट्ट्या कुणाच्या हातच्या, हे दोघांनाही विचारायची गरज नव्हती. तुम्हाला मात्र सांगायला हवं. आपल्या फोनमधून, कॉम्प्युटरमधून दिवसभर काय काय बाहेर जात असतं, ते आपलं आपल्यालाही ठाऊक नसतं. कुठल्या दुकानाला आपलं वय कळतं, कुठल्या कंपनीला आपलं दुखणं. सूनबाईने या वाटेवर मध्येच एक चौकी बसवली होती. अशा चौकीला तिच्या धंद्यातले लोक प्रॉक्सी म्हणतात. बाहेर जाणारं काहीही असो, चौकीवर थांबायचं. तिथे तपासणारा माणूस ते वाचणार, नको ते खोडणार, का खोडलं त्याचं कारण लिहिणार, आणि त्याने 'जाऊ दे' म्हटलं की मगच ते पुढे जाणार.

हे उभं करायला तिने चांगली नोकरी सोडली होती. सोडताना साहेब गालातल्या गालात हसून म्हणाले होते, "खुर्ची राखून ठेवतो. याल परत." पेटंट हातात पडलं नाही तर त्या हसण्यासमोर जाऊन त्याच खुर्चीत बसायचं, एवढंच तिच्यापुढे शिल्लक होतं. आणि पेटंट कार्यालयाच्या परीक्षकाने हरकत घेतलेली होती, तिलाच हे उत्तर होतं. मधली चौकी जुनी, माणसाची परवानगी विचारणंही जुनं. शिवाय माणूस वाचतो कुठे? डोळे झाकून 'हो' दाबतो. मग यात नवं ते काय?

आता सासूबाई यात कुठून आल्या? चौकीची चाचणी घरातच घ्यायची ठरली, तेव्हा सूनबाई गोड आवाजात म्हणाली होती, "आई, तपासायचं काम तुम्ही करा. तुम्हाला जमलं की जगाला जमलं."

सासूबाईंनी तिच्याकडे नुसतं पाहिलं. "म्हणजे सगळ्यात मठ्ठ मी, असंच ना?"

"तसं नाही हो आई."

"असू दे. करते. पण मुलाचं तपासायचं, माझं तपासायचं आणि तुझं तेवढं सोडायचं, असं चालायचं नाही. सगळ्यांचं येऊ दे."

सूनबाईने आपलंही खातं चौकीखाली आणलं. दोन दिवसांची चाचणी, मग काढून टाकू, असं म्हणाली, आणि कामाच्या गर्दीत विसरली. सासूबाई विसरल्या नाहीत. त्यांना आयुष्यात पहिल्यांदा मनासारखं काम मिळालं होतं.

"आई कुठे आहेत?" सूनबाईने विचारलं.

"दाढ काढायला गेली. फोन घेऊन गेलीय."

सूनबाईने मूळ उत्तर, एकही पट्टी नसलेलं, पुन्हा पाठवलं. पडद्यावर अक्षरं उमटली: 'तपासणीसाठी थांबले आहे.' तिने सासूबाईंना फोन लावला. पलीकडून स्पीकरवर दातांचे डॉक्टर बोलले.

"त्यांना बोलता येणार नाही. तोंडात माझे दोन्ही हात आहेत."

"डॉक्टर, त्यांना फक्त फोनवर 'जाऊ दे' दाबायला सांगा ना."

पलीकडे काहीतरी घुमल्यासारखा आवाज झाला. डॉक्टर म्हणाले, "त्या मान हलवतायत. आडवी."

"अगं, बंद करून टाक ना ती चौकी," नवरा म्हणाला. "तूच बांधलीस, तूच पाड."

"तपासणाऱ्याच्या मंजुरीशिवाय बंद होत नाही."

"असं कुठल्या शहाण्याने केलं?"

 ती अट सूनबाईनेच घातली होती, आणि अर्जात मोठ्या अभिमानाने लिहिलीही होती.

"मग माझ्या खात्यावरून पाठव."

"कार्यालय फक्त अर्जात नोंदवलेल्या खात्यावरून आलेलं धरतं. आणि तुझंही खातं आई तपासतातच."

"माझं?" नवऱ्याचा चेहरा पहिल्यांदा उतरला. "अजून?"

तेवढ्यात सासूबाईंचा निरोप आला. दाढ बधिर होईपर्यंत मोकळा वेळ मिळाला असणार. 'न वाचता सोडणार नाही. चष्मा घरी राहिला.'

आता चष्मा शोधणं आलं. चष्मा सासूबाईंच्या उशाशी नव्हता, टीव्हीपाशी नव्हता, शिवणाच्या डब्यातही नव्हता. सूनबाई कपाटं उपसत होती, नवरा पलंगाखाली लोळत होता, आणि भिंतीवरचं घड्याळ आपलं काम करत होतं. शेवटी चष्मा सापडला तो फ्रीजमध्ये, दुधाच्या पातेल्याच्या झाकणीवर. तिथे का, हे विचारायची त्या घरात पद्धत नव्हती.

"पळ," सूनबाई म्हणाली. "आणि जाऊन नुसता चष्मा देऊ नकोस. त्यांना समजावून सांग, पेटंटमध्ये आपली करामत लिहून द्यावीच लागते. सगळी उघड सांगायची, तेव्हाच ती आपली म्हणून कायद्याने ठरते."

"हे तिला पटेल?"

"पटवायला नाही पाठवत तुला. सांगायला पाठवतेय."

नवरा गेला आणि इकडे सुनावणीसाठी कॉम्प्युटरच्या पडद्यावर परीक्षक आले. माणूस कोरडा, केस चापून बसवलेले, चेहऱ्याला इस्त्री केल्यासारखी.  सूनबाईने पाण्याचा पेला जवळ ओढून ठेवला.

"मॅडम, तुमचं उत्तर वाचलं," परीक्षक म्हणाले. "म्हणजे जेवढं दिसत होतं तेवढं."

"सर, थोडी गडबड झालीय. पूर्ण उत्तर आत्ता येतंच आहे."

"आत्ता म्हणजे सुनावणी संपायच्या आत. तोंडी मी काही धरत नाही." त्यांनी समोरचा कागद सरळ केला. "तोवर जे आलंय त्याबद्दल बोलू. पट्ट्यांचं मी समजू शकतो. पण प्रत्येक पट्टीखाली कारण दिलंय, ते मला जरा समजावून सांगा."

सूनबाईने आपली प्रत पुन्हा चाळली. कारणं? कारणं तर घरातल्या घरात राहायची. तिच्या स्वतःच्या प्रतीत एकही दिसत नव्हतं.

परीक्षकांनी चष्मा नाकावर घेतला आणि कोर्टातला निकाल वाचावा तशा आवाजात वाचायला सुरुवात केली. "पहिली ओळ खोडली. कारण: 'एवढी हांजी हांजी नको. परीक्षक आहे तो, जावई नाही.'"

सूनबाईने डोळे मिटून घेतले.

"तिसरा परिच्छेद खोडला. कारण: 'हे मागे सांगून झालंय. एकदा सांगून ज्याला कळत नाही त्याला दहा वेळा सांगून काय उपयोग?'" परीक्षक थांबले. "हे माझ्याबद्दल आहे का?"

"नाही, नाही सर."

"वाटतंय तसं. पुढे. जुन्या शोधांशी कुठे साम्य आहे, हे तुम्ही बहुधा या जागी मान्य केलं होतंत. कारण: 'आपली उणी बाजू आपण होऊन सांगायची नाही. त्याचं त्याला शोधू दे. पगार कशाचा घेतो?'"

सूनबाईला आता काहीच ऐकू येत नव्हतं. म्हणजे ऐकू सगळं येत होतं, पण फार लांबून. डोळ्यांसमोर ती खुर्ची दिसत होती. फिरती, पाठीला गादी असलेली. आणि पलीकडे साहेबांचं हसू.

"आणि हे मुख्य पान पूर्ण खोडलंय. कारण: 'खरी करामत हीच आहे. परक्याच्या हातात द्यायची नाही.'"

बाहेर दार वाजलं. सासूबाई आल्या. एक गाल भोपळ्यासारखा टम्म, ओठ एका बाजूला लोंबलेला, डोळ्यांवर चष्मा. मागून नवरा, घामाघूम. त्याने कॅमेऱ्यात येणार नाही असा हात वर करून 'गेलं, गेलं' अशी खूण केली. त्याच वेळी परीक्षकांच्या कॉम्प्युटरवर टिंग वाजलं.

"आलं," परीक्षक म्हणाले. ते बराच वेळ वाचत राहिले. सूनबाई त्यांच्या भुवयांकडे पाहत राहिली. भुवया काही हलेनात. "मुख्य पान आलंय. त्याखाली लिहिलंय: 'मुलगा म्हणतो, सांगितल्याशिवाय हक्क मिळत नाही. मला पटलेलं नाही. पण जाऊ दे.'"

सासूबाई दारातच थबकल्या. आपले शब्द परक्या पुरुषाच्या तोंडून ऐकून त्यांचा चांगला गालही थोडा खाली आला.

"शेवटी आणखी दोनच शब्द खोडलेत," परीक्षक म्हणाले. "'अर्जदाराने आपल्या' आणि 'नुसार' यांच्या मधले."

'अल्प मती.' सूनबाईनेच लिहिलं होतं, नम्रपणा दिसावा म्हणून.

"कारण: 'अल्प मती कसली? आमच्या घरात एवढं डोकं दुसऱ्या कुणाला नाही. माझ्या मुलालाही नाही. तिला तोंडावर सांगत नाही, डोक्यावर बसेल.'"

 नवऱ्याने भिंतीकडे तोंड फिरवलं. सासूबाई पुढे सरसावल्या, बोट उगारलं आणि "ए... हे हं... घहातलं..." एवढंच तोंडातून निघालं. तोंडाचा बधिरपणा अजून उतरला नव्हता.

"तिकडे कुणी आहे का?" परीक्षकांनी विचारलं.

"सर, त्या... त्या तपासणाऱ्या."

"अस्सं." परीक्षक मागे टेकले. "मॅडम, तुमच्या अर्जाची पहिलीच ओळ आहे की घरातलं घरात राहावं म्हणून ही सेवा. आणि तुमच्या घरातलं मी इथे माझ्या टेबलावर बसून वाचतोय. याला मी काय म्हणू?"

 सगळं संपलं, आता फक्त संपलं असं म्हणायचं बाकी आहे, असं सूनबाईला वाटलं. उद्या साहेबांना फोन करायचा, तर सुरुवात कशी करायची, इथवर ती मनाने पोचलीही.

परीक्षक मात्र जुन्या अर्जाची पानं उलटत होते. "तुमच्या वर्णनात शेवटाकडे एक वाक्य आहे. 'खोडल्याचं कारण मजकुरासोबत राहील.' मी ते आधी सोडून दिलं होतं. हे तुम्ही लिहिलंय?"

सूनबाईला ते वाक्य आठवलं. घाईत टाकलेलं. मजकुरासोबत म्हणजे आपल्याकडे, असं तिच्या मनात होतं. यंत्राला मन नसतं. मजकूर परीक्षकाकडे गेला, कारणही त्याचं बोट धरून गेलं.

"लिहिलं मीच, सर," ती म्हणाली. मुद्दाम की कसं, ते तिने स्वतःच्या चौकीवरच थांबवलं.

"हं. खोडणाऱ्या चौक्या मी ढीगभर पाहिल्यात. का खोडलं ते घेणाऱ्यालाही सांगणारी एकही पाहिली नाही. पुढचा माणूस काय लपवतोय, हे कळलं नाही तरी का लपवतोय, ते मला कळतं. हे नवं आहे." त्यांनी कागद ठेवला. "आणि माणूस वाचत नाही, नुसता 'हो' दाबतो, ही माझी हरकत मी मागे घेतो. इथे माणसाने वाचलंय. जरा जास्तच वाचलंय. दावा तेवढ्या एका गोष्टीपुरता ठेवा, मी मंजुरी देतो."

सूनबाईने पेला उचलला आणि सगळं पाणी एका दमात पिऊन टाकलं.

"दोन्ही उत्तरं कारणांसकट नोंदीत राहतील," परीक्षक जाता जाता म्हणाले. "आमची नोंद खुली असते. कुणालाही, कुठूनही पाहता येते." पडदा मिटायच्या आधी ते किंचित पुढे झुकले. "त्यांना माझा नमस्कार सांगा. आणि पगाराचं मी लक्षात ठेवीन."

संध्याकाळपर्यंत सासूबाईंचा गाल उतरला. तोवर त्या एका जागी बसून होत्या, सूनबाईकडे न बघता. सूनबाईही उगाच आवराआवर करत होती. तिला सारखं हसू येत होतं आणि मध्येच डोळे भरून येत होते, म्हणून ती त्यांच्याकडे पाठ करूनच वावरत होती.

शेवटी सासूबाईंचं तोंड सुटलं. "खुली नोंद म्हणजे? सगळ्यांना दिसणार?"

"सगळ्या जगाला, आई."

"माझ्या बहिणीला?"

"त्यांनाही."

"तुझ्या आईला?"

"तिला मी आत्ताच दाखवलं."

सासूबाईंनी कपाळावर हात मारला. "बाकीचं राहू दे. त्यात खोटं काही नाही. ते शेवटचं तेवढं काढायला सांग त्या माणसाला."

"काढता येत नाही. एकदा नोंदलं की कायमचं."

 सासूबाईंनी सूनबाईने दिलेला चहाचा कप उचलला, एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं. मग कप खाली ठेवून म्हणाल्या, "काढता येत नाही, तर त्याच्या खाली आणखी एक ओळ घालायला सांग. 'चहात साखर फार घालते.' नाहीतर लोक म्हणतील, हिला सून आवडते."